सुट्टीतलं विणकाम: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

शरदातल्या सुट्ट्या जवळ आल्या की दरवर्षी विणकामाची पत्रं वाढतात. या वेळी एक गोष्ट वेगळी जाणवली, डिझाइनबद्दल फार कमी जणींनी विचारलंय, बहुतेकींचा प्रश्न आहे की घरात सगळे असताना विणायचं कसं. म्हणून पहिल्या प्रश्नालाच जास्त जागा दिली.

प्रश्न: ताई, सुट्टीत दोन्ही मुलं घरी, सासूबाई पण येणार आहेत, आणि मला थंडीच्या आधी सगळ्यांसाठी काहीतरी विणायचंय. पण दहा मिनिटंसुद्धा सलग बसायला मिळत नाहीत, सारखं उठावं लागतं आणि परत आले की मी कुठे होते तेच आठवत नाही. मागच्या वर्षी जाळीचा मफलर घेतला होता तो अजून अर्धाच आहे. काय विणू?

तो अर्धा मफलर सध्या कपाटातच राहू दे, त्यात तुमची काही चूक नाही. जाळीच्या विणीत प्रत्येक ओळ वेगळी, मोजणी डोक्यात ठेवावी लागते आणि कुणी हाक मारली की ती जाते, ती जाणारच. माझं मत अगदी स्पष्ट आहे, माणसांच्या घरात विणायचं तर कुठल्याही क्षणी खाली ठेवता येईल असंच काम हातात घ्यायचं. कुठे होतो ते आपल्याला आठवायची गरज नको, ते विणीनेच सांगायला हवं.

यासाठी मला सगळ्यात आवडतात ते बिनबोटांचे हातमोजे. मध्यम जाडीची लोकर घ्या, ज्याच्या वेष्टणावर 4 मिमीची सुई सुचवलेली असते ती, आणि 40 टाके घाला. मग दोन सुलट दोन उलट, दोन सुलट दोन उलट, ओळीच्या शेवटापर्यंत. 40 ला 4 ने भाग जातो त्यामुळे परतीची ओळसुद्धा अगदी तशीच येते, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ओळ! समोरच्या टाक्याखाली इंग्रजी व्ही सारखा आकार दिसला की सुलट विणायचं, गाठीसारखा उंचवटा दिसला की उलट. साधारण 18 ते 20 सेंमी झालं की टाके सैल हाताने बंद करा, पट्टी दुमडून कडा शिवा आणि शिवताना अंगठ्यासाठी 4-5 सेंमी जागा मोकळी सोडा. झाला एक. ही दोन सुलट दोन उलटची, म्हणजे बॉर्डरची, वीण ताणली जाते म्हणून तुमच्या हाताला बसतो तो सासूबाईंनाही बसेल, मापं घेत बसायला नको. लहान मुलांसाठी 32 टाके घाला आणि लांबी हातावर धरून ठरवा.

आता उठायचं कसं, कारण खरा घोळ तिथेच होतो. शक्यतो ओळ संपवून उठा. पण बाळ रडतंय किंवा दारावर कुणी आलंय तर ओळ कुठली संपवता, मधेच ठेवावं लागतं, आणि परत आल्यावर घाईत सुया उलट्या हातात धरल्या जातात आणि आपण आलो त्याच दिशेने परत विणत जातो. दोन-चार ओळींनी बघावं तर मधेच एक भोक आणि एक बाजू उंच. म्हणून एकच खूण लक्षात ठेवा, गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघतो ती सुई उजव्या हातात (डाव्या हाताने विणणाऱ्यांनी याच्या उलट). बस, बाकी काही आठवायला नको.

प्रश्न: माझ्या अडीच वर्षांच्या मुलाने टोपीतली सुई ओढून काढली. जवळजवळ सगळे टाके सुटले, काही तर तीन-चार ओळी खाली गेलेत. मी रडायच्या बेतात होते. सगळं उसवू का?

अहो नाही, अजिबात उसवू नका! आणि ओढू पण नका, ते सगळ्यात महत्त्वाचं. लोकरीचे तंतू एकमेकांना धरून असतात म्हणून सुटे टाके आपण समजतो तितक्या लवकर पळत नाहीत, ताणलं की मात्र पळतात. टोपी टेबलावर सपाट ठेवा, उजेड चांगला घ्या आणि नेहमीपेक्षा बारीक सुई घेऊन टाके एकेक करून उचला. प्रत्येक टाक्याचा उजवा पाय (म्हणजे फासाची उजवी बाजू) सुईच्या पुढच्या बाजूला यायला हवा, नाहीतर तो पीळ पडलेला दिसतो. पण आधी नुसते उचलून सुरक्षित करा, पाय नंतर सरळ करता येतात.

जो टाका खाली गेलाय त्याच्या वर आडव्या धाग्यांची छोटी शिडी दिसेल. क्रोशाची सुई समोरून त्या टाक्यात घाला, लगेच वरची पायरी पकडा आणि टाक्यातून आपल्याकडे ओढा. नवा टाका तयार झाला, आता त्याच्यातून पुढची पायरी, असं करत वरपर्यंत जायचं. टाका उलट असेल तर काम पालथं करा आणि मागून हेच करा. पहिल्यांदा ती शिडी आपोआप विणीत मिटत जाताना दिसते ना, तेव्हा जो जीव भांड्यात पडतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

पुढच्या वेळी दर 10-15 ओळींनी शिवणाच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा घेऊन सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवा. सुई निघालीच तर वीण त्या दोऱ्यापाशी थांबते. आणि काम झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवा. टाके परत येतील हो, पण लहान मूल आणि टोकदार सुई एकत्र नको.

प्रश्न: आठ वर्षांची मुलगी मागे लागलीये, सुट्टीत मला शिकव. कुठून सुरू करू?

जाडसर फिक्या रंगाची लोकर (गडद रंगात टाके दिसतच नाहीत), 5 किंवा 6 मिमीच्या आखूड सुया, आणि टाके तुम्हीच घालून द्या, 15 पुरे. दोन्ही बाजूंनी फक्त सुलट. कडेला टाके वाढत जातील, 15 चे 19 होतील, कारण ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे गेला की पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि मुलं दोन्ही विणतात. ओळ सुरू करताना धागा खाली, समोर घ्यायला शिकवा आणि दर दोन ओळींनी तिलाच मोजू द्या. तिचं काम घेऊन गुपचूप दुरुस्त करू नका, मुलांना ते लगेच कळतं आणि मग ते काम त्यांचं राहत नाही. पट्टी झाली की दुमडून शिवा, बटण लावा, छोटं पाकीट होतं. तिला सांगा की लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे पायमोजे आहेत, दीड हजार वर्षांहून जुने, अंगठा वेगळा असलेले, आणि ते दोन सुयांवर नाही तर एकाच सुईने केलेत. आमच्या घरी ही गोष्ट ऐकून विणकाम जरा जास्तच सीरियसली घेतलं गेलं.

प्रश्न: विणलेली लोकरी टोपी चुकून गरम पाण्यात मशीनला गेली, आता बाहुलीची झालीये. परत मोठी होईल का?

नाही होणार, वाईट वाटतं सांगायला. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. पण असं घट्ट झालेलं कापड कापलं तरी उसवत नाही, त्यातून चष्म्याची पिशवी छान होते. पुढच्या वेळी कोमट पाणी, चोळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट वाळवायचं.

प्रश्न: दोन हातमोजे सारखेच टाके घालून केले तरी एक मोठा झाला. पहिला घरी, दुसरा सुट्टीत गावाला केला होता.

उत्तर तुमच्या पत्रातच आहे! घाईत हात आवळतो, निवांत असलो की सैल सुटतो. तुमचे टाके सारखे होते, हात वेगळा होता. यावर मी एकच उपाय करते, दोन गुंडे घेऊन दोन्ही पट्ट्या एकाच सुईवर शेजारी शेजारी विणते, याची एक ओळ, त्याची एक ओळ. त्या दिवशी हात जसा असेल तसा दोघांनाही सारखाच मिळतो आणि दुसरा मोजा राहून जायचा प्रश्नच येत नाही. फक्त सुई जरा लांब घ्या आणि दोन्ही गुंडे दोन बाजूंना ठेवा, नाहीतर धागे एकमेकांत गुंततात.