अक्षौहिणी : आकडा की माप?

प्रश्न असा आलाय : 'अक्षौहिणी' हा लाख-कोटीसारखा संख्यावाचक शब्द आहे का? आणि एका अक्षौहिणीत नेमके सैनिक किती?

मराठीत तरी तो संख्यावाचक नाही. लाख आंबे म्हणतो, लाख भानगडीही म्हणतो, पण अक्षौहिणी आंबे कोणी म्हणत नाही. 'सात अक्षौहिणी सैन्य' ही रचना 'सात खंडी भात' याच जातीची. हे सैन्याचं माप आहे. (पाली कोशांत मात्र 'अक्खोहिणी' ही चक्क संख्या आहे, एकावर 42 शून्यं!)

हे माप कसं बांधलंय ते महाभारताच्या आदिपर्वात सांगितलंय. सर्वांत लहान तुकडी पत्ती : 1 रथ, 1 हत्ती, 3 घोडे, 5 पायदळ. पुढे प्रत्येक पायरीला तिप्पट : सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. सात वेळा तिप्पट केल्यावर अनीकिनीत 2,187 पत्ती होतात. शेवटच्या पायरीला मात्र तिप्पट नाही, दहापट. म्हणून अक्षौहिणीत 21,870 रथ, तेवढेच हत्ती, 65,610 घोडे आणि 1,09,350 पायदळ. एकूण 2,18,700. मुळात पत्तीतच दहा घटक असल्यामुळे ही संख्या म्हणजे तीनचा सातवा घात गुणिले शंभर. दोन, तीन आणि पाच सोडून दुसरा मूळ अवयव तिला नाही.

या बेरजेला '2,18,700 सैनिक' म्हणणं चूक, कारण तीत रथ आणि जनावरंही मोजली आहेत. माहूत, सारथी वेगळे धरलेलेच नाहीत.

आता अठराचा चमत्कार. चारही अंगांच्या आणि एकूण संख्येच्याही अंकांची बेरीज 18 येते, पर्वं 18, युद्धाचे दिवस 18, अक्षौहिणीही 18, असं कीर्तनात रंगवून सांगतात. ऐकायला झकास आहे. पण नवाने भाग जाणाऱ्या कुठल्याही संख्येच्या अंकांची बेरीज नवाच्या पटीतच येणार, आणि इथे तर तीनाचे सात घात ठासून भरलेत. कौरवांच्या 11 अक्षौहिणी 24,05,700, पांडवांच्या 7 म्हणजे 15,30,900. दोन्हींच्या अंकांची बेरीज 18 येते खरी. पण सगळ्या अठरा अक्षौहिणी एकत्र केल्या की 39,36,600 होतात, आणि अंकांची बेरीज 27!

शिवाय हे कोष्टक खुद्द महाभारतातही काटेकोर पाळलेलं नाही. गीतेच्या पहिल्याच अध्यायात दुर्योधन पांडवांच्या अख्ख्या सैन्याला 'महती चमू' म्हणतो. कोष्टकाप्रमाणे चमूत जेमतेम 729 रथ.

लिहिताना 'अक्षोहिणी' नको. अक्ष + ऊहिनी या संधीत नेहमीच्या नियमाने 'ओ' आला असता. पण याच शब्दासाठी पाणिनीच्या सूत्रावर खास वार्तिक (सूत्राला जोडलेला पूरक नियम) आहे, त्यामुळे 'औ' होतो.