नववीपासून एक वही ठेवा

मुलगी नववीत गेली म्हणून एवढ्यात एसएटी या कॉलेज-प्रवेश परीक्षेच्या क्लासमागे धावू नका. अमेरिकेतली कॉलेजं नववीपासूनचे गुण बघतात, तेव्हा आधी विषय नीट निवडा. अवघड घ्या, पण तिला पेलतील तेवढेच.

आणि एक वही करा: कोणता उपक्रम, आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे. कॉमन ॲपवर, म्हणजे एकाच अर्जाने अनेक कॉलेजांना अर्ज करता येतो त्या वेबसाइटवर, १० उपक्रम मांडता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. आम्ही वही ठेवली नव्हती. बारावीच्या तोंडावर लेक आणि मी फोनमधले जुने फोटो चाळत तारखा जुळवत बसलो होतो.

पीएसएटी, म्हणजे एसएटीआधीची सराव परीक्षा, अकरावीच्या ऑक्टोबरात. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी तीच धरतात. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना अकरावी संपण्याआधीच विचारा. अर्जातला ६५० शब्दांपर्यंतचा निबंध उन्हाळ्याच्या सुट्टीतच लिहायला घ्या, कारण कॉमन ॲपचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो आणि मग शाळाही सुरू होते.

अर्ली डिसिजनला, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेल्या अर्जाला, मात्र जपून. प्रवेश मिळाला की तिथे जायचं, असा तो शब्द असतो आणि त्यावर पालकांचीही सही लागते. कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. त्यात आपले आकडे भरून खर्च पाहिल्याशिवाय ती सही करू नका.