दिल्ली दरबाराची मिरवणूक खेळण्यातल्या शिपायांनी मांडायची आहे, किती शिपाई लागतील?

तुम्ही लिहिलंय की लातूरला घरी सहा फुटी फळी आहे, त्यावर १९११ च्या दरबाराला हत्तीवरून आलेला पंचम जॉर्ज मांडायचाय. आधी राजाला हत्तीवरून उतरवा. तो दिल्लीत घोड्यावरून आला आणि बघ्यांपैकी कित्येकांना राजा नेमका कोणता तेच कळलं नाही. हत्ती हवेच असतील तर त्याआधीच्या दरबाराची, व्हाइसरॉय कर्झनची मिरवणूक घ्या, २९ डिसेंबर १९०२ ची. कर्झन बसला होता तो हत्ती काशीनरेशांचा, नाव लक्ष्मणप्रसाद.

शिपायाच्या उंचीचं माप ५४ मिलिमीटर धरा, म्हणजे साधारण १:३२. या मापात हत्ती खांद्याशी ९ सेंटीमीटरच्या आसपास बसतो. खेळण्याच्या दुकानात पट्टी घेऊनच जा. हत्ती लहान निघाला तर वरचा माणूस राक्षस दिसतो.

आता फळीचा हिशोब. एकामागे एक दोन हत्ती, मोकळी जागा धरून ५० सेंटीमीटर. भालाईत स्वार चारच्या सहा रांगा, दर रांगेला १२ सेंटीमीटर, म्हणजे ७२. इम्पिरियल कॅडेट कोअर, म्हणजे संस्थानिकांच्या घरातल्या तरुणांचं घोडदळ, त्याच्या चारच्याच तीन रांगा, ३६ सेंटीमीटर. पांढरा गणवेश, फिकट निळे फेटे, घोडे काळे. एकूण ३६ स्वार. उरलेली वीत-सव्वा वीत मोकळीच ठेवा, खेटून लावलं की मिरवणुकीचा आठवडी बाजार होतो.

भालाईत आपल्याकडचे करायचे असतील तर हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेचे करा, गडद हिरव्या गणवेशातले. हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई, ही त्यांची छावणीची गावं. फक्त पाटीवर ‘२० वी डेक्कन हॉर्स’ लिहू नका. ते नाव १९०३ च्या फेररचनेत मिळालं, मिरवणूक त्याआधीची.

एवढे स्वार विकत घेणं परवडत नाही. घोडा आणि स्वार एकेकच नमुना घ्या, सिलिकॉनचा साचा करा आणि कल्हईचं कथील ओता. ते २३२ अंशाला वितळतं, घरच्या शेगडीवर होतं. खिडकी उघडी ठेवा. ओतण्याआधी साच्यात टाल्कम पावडर झटका, नाहीतर बारीक जागी धातू पोचत नाही. पहिले दोन-तीन नग अर्धवटच येणार, कारण साचा थंड असतो. ते परत वितळवा. घोड्याचे पाय सारखे तुटके येत असतील तर खुरांपासून हवा निघायला बारीक वाट कोरा. कथलात पाण्याचा थेंब पडला तर वितळलेलं कथील तोंडावर उडतं, म्हणून साचा पूर्ण कोरडा हवा आणि चष्मा डोळ्यांवर.

भाला मात्र ओतू नका, वाकतो नाहीतर मोडतो. मुठीला भोक पाडून ८५ मिलिमीटरची पितळी तार घाला. पताका कागदाची, वर लाल, खाली पांढरी. फेविकॉल ओला असतानाच तिला लाटेसारखं वळण द्या.

मे महिन्यात सिलिकॉन दुपारी कालवू नका. उन्हाच्या तडाख्याने ते लवकर घट्ट होतं, बुडबुडे आतच राहतात. पहाटे पाचला काम उरका. ॲक्रिलिक रंगही दुपारी ब्रशवरच सुकतो.

जुने शिशाचे शिपाई कुठे मिळाले तर एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी चढते आणि आतून पोखरते. काच-पत्र्याचं कपाट बरं. शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि लहान पोरांच्या हाती देऊच नका.