तिसरं अँटिबायोटिक कोणतं, हे विचारण्याआधी

वडिलांच्या पोटरीवर गळू, शुगर वाढलेली, दोन कोर्स झाले तरी पू येतोच आहे, आता तिसरं अँटिबायोटिक कोणतं, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या मांडीवरचं गळू आठवलं. मी डॉक्टर नाही, गोळी सुचवणार नाही. फक्त सांगा, पू कल्चरला, म्हणजे त्यात कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं ते लॅबमध्ये तपासायला, गेला होता का?

माझा नव्हता गेला. आधी मीच शहाणपणा केला. मुलाच्या टायफॉइडच्या सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या घेतल्या. गळवात बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो आणि सेफिक्झिम त्याच्यावर जवळपास चालतच नाही, हे फार उशिरा कळलं.

तो गाढवपणा माझा. पण एका रुग्णालयात चिरा दिला, भरपूर पू निघाला आणि गॉजसकट पिवळ्या पिशवीत गेला, त्याचा राग अजून जात नाही. तपासायला पाठवा म्हटलं तर "गरज नाही". गळू लहान असतं, तब्येत धडधाकट असती, तर ते खरंही असतं. अशा वेळी चिरा हाच मुख्य उपचार. पण मी मधुमेही माणूस, त्यात आधी गोळ्या खाऊन झालेला! अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट देऊन घरी पाठवलं. तीन आठवड्यांत गळू पुन्हा भरलं.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी पू लॅबला पाठवला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट: एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस. त्यामुळे क्लॉक्सासिलिन, सेफॅलेक्सिन आणि मी गिळलेलं ते क्लॅव्हवालं, सगळं बाद. क्लिंडामायसिन या औषधापुढे 'एस' (म्हणजे चालेल) बघून मी खूश झालो, तर त्यांनी खालची ओळ दाखवली: डी-टेस्ट (जंतू क्लिंडामायसिनला पुढे दाद देईनासा होऊ शकतो का, याची तपासणी) पॉझिटिव्ह. म्हणजे तेही दगा देऊ शकतं. शेवटी पुन्हा चिरा आणि डॉक्सिसायक्लिन. माझं बघून तुम्ही ते आणू नका. पू नसून नुसती लाली पसरत असेल तर बहुधा स्ट्रेप्टोकोकस हा दुसरा जंतू असतो आणि त्यावर डॉक्सीचा भरवसा नाही.

तेव्हा आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा आणि पू निघताना नमुना मागा, भांडावं लागलं तरी. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहा, म्हणजे ती पसरतेय का ते कळेल. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का तेही बघा, जंतू तिथूनही शिरतात.

दिसतंय त्यापेक्षा दुखणं भलतंच जास्त असेल, कातडी जांभळी-काळी पडत असेल, फोड येत असतील किंवा वडील असंबद्ध बोलू लागले, तर इथे उत्तराची वाट बघू नका. रात्र असली तरी कॅज्युअल्टी गाठा.