सातवीतल्या मुलीला रोबोट बनवायचाय. आधी कोडिंगचा क्लास लावावा की तयार किट आणावं?

मी शाळेतल्या मुलांना रोबोटिक्स शिकवतो, आणि माझं मत विचाराल तर दोन्ही जरा लांबणीवर टाका. आधी तिच्या हातून एक साधी गाडी चालू दे आणि वळू दे. चाकं कशी वागतात हे नीट कळलं, की प्रोग्राममध्ये काय लिहायचं हे मुलांना आपणहून सुचायला लागतं.

सामान थोडंच लागतं: दोन बीओ मोटर (पिवळ्या प्लास्टिकच्या डब्यातल्या, गिअर असलेल्या छोट्या मोटर), त्यांना बसणारी 65 मिलिमीटरची चाकं, पुढे टेकू म्हणून एक कॅस्टर (कुठल्याही दिशेला वळणारं छोटं चाक), सनबोर्डचा (हलक्या फोमच्या बोर्डाचा) तुकडा, चार पेन्सिल सेल आणि दोन डीपीडीटी स्विच, म्हणजे सहा पिनांचे, दोन्ही बाजूंना दाबता येणारे आणि मधल्या जागी बंद राहणारे. स्विचच्या कोपऱ्यातल्या पिना तिरक्या जोडल्या की एका बाजूला दाबल्यावर मोटर सुलट फिरते, दुसऱ्या बाजूला दाबल्यावर उलट. एका चाकाला एक स्विच. झाला वायरवाला रिमोट. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र घेऊ नका. दोन मोटरना लागेल एवढा करंट ती फार वेळ देऊ शकत नाही.

आता खरी गंमत वळण्यात आहे. या गाडीला स्टिअरिंग नाही, मग वळणार कशी? उत्तर सांगू नका, तिलाच स्विच दाबून बघू द्या. एक चाक थांबवलं तर गाडी त्या थांबलेल्या चाकाभोवती फिरते. एक पुढे आणि एक मागे फिरवलं तर जागच्या जागी गिरकी घेते. चंद्रयान-3 चा प्रज्ञान रोव्हरही दोन्ही बाजूंच्या चाकांच्या वेगात फरक करूनच वळायचा. त्याला सहा चाकं होती, तत्त्व हेच.

मग वही काढायला लावा. चाकाचा व्यास 6.5 सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत गाडी साधारण 20.4 सेंटिमीटर पुढे जाते. दोन चाकांमधलं अंतर मुद्दाम 13 सेंटिमीटर ठेवा. जागच्या जागी काटकोनात वळायचं तर प्रत्येक चाकाला 13 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा पाव भाग कापावा लागतो, म्हणजे 10.2 सेंटिमीटर. बरोबर अर्धी फेरी! चाकावर स्केचपेनने खूण करून हे डोळ्यांनी पाहता येतं. चाक जरा घसरतं, म्हणून थोडा फरक पडतो. तो किती पडतो हेही तिला मोजू द्या. परिघाचं सूत्र असं एकदा हाताखालून गेलं की पाठ करावं लागत नाही.

मोटरच्या पिवळ्या डब्यात दातेरी चाकं असतात. आतली मोटर साधारण 48 वेळा फिरते तेव्हा बाहेरचं चाक एकदा फिरतं. वेग कमी होतो, पण ओढायची ताकद वाढते, चढावर सायकलचा गिअर बदलतो तसंच. जमलं तर खराब झालेली एखादी मोटर उघडून दाखवा.

मुलं सर्वात जास्त दुर्लक्ष वजनाकडे करतात. सेल अगदी पुढे, कॅस्टरवर ठेवले तर मागची चाकं नुसती गरगरतात, पकडच मिळत नाही. फार मागे ठेवले तर निघताना गाडीचं तोंड उचललं जातं. चाकांच्या आसापासून किंचित पुढे, ही चांगली जागा. सेल दुहेरी टेपने चिकटवा म्हणजे हलवून बघता येतात.

एवढं झाल्यावर ती तक्रार करेल की दोन्ही स्विच पुढे दाबले तरी गाडी एका बाजूला ओढते. दोन मोटर कधी तंतोतंत सारख्या फिरत नाहीत, त्यामुळे असं होणारच. इथे आर्डुइनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि मोटर ड्रायव्हर (त्या बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारं सर्किट) आणा. एका चाकाचा वेग किंचित कमी करून गाडी सरळ चालवणं, हा तिचा पहिला प्रोग्राम. कोड टाइप न करता स्क्रीनवर तयार ब्लॉक जोडून केला तरी चालेल. त्यानंतर काळ्या पट्टीवरून चालणारा रोबोट करायला घ्या.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतून शाळेत उभारलेली, मुलांनी स्वतः वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) असेल तर आधी तिथे विचारा. ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच असते, आणि यातलं बरंच सामान तिथेच मिळून जाईल.