दुबईतल्या इस्लामिक बँकेत पैसे ठेवायचेत, बँक धडधाकट आहे हे कसं कळणार?

हाच प्रश्न दुबईतल्या भाच्याने विचारलेला, मग इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या ओट्यावर बसून मी मोबाइलवरच त्याच्या बँकेचा ॲन्युअल रिपोर्ट उघडला. व्याज नसतं, त्यामुळे नेट इंटरेस्ट मार्जिन (मिळालेलं व्याज नि दिलेलं व्याज यातला फरक) शोधू नका, मुराबाहाची (बँक वस्तू विकत घेते नि नफा चढवून हप्त्याने विकते) आणि इजाराची म्हणजे भाड्याची कमाई बघा. एनपीएच्या (बुडीत कर्जं) जागी एनपीएफ, म्हणजे हप्ते थकलेलं फायनान्सिंग. भांडवल, लिक्विडिटी (हाताशी असलेली रोकड) वगैरे आपल्या बँकांसारखंच.

खरी गोम ठेवीत आहे. मुदारबा खात्यात नफा वाटून मिळतो आणि तोटा कागदोपत्री ठेवीदाराचा, पण गिऱ्हाईक पळू नये म्हणून बँका प्रॉफिट इक्वलायझेशन रिझर्व्हमधून (नफ्यातून बाजूला काढून ठेवलेली गंगाजळी) रेट सांभाळतात, तर तो रिझर्व्ह दरवर्षी आटतोय का हे रिपोर्टच्या मागच्या नोट्समध्ये बघाच, भाच्याने ती पानं उघडलीच नव्हती, नुसता रेट बघून खूश! आणि स्वतःच्याच ग्रुपच्या कंपन्यांना किती पैसा दिलाय तेही, कारण तुर्कीतली इहलास फिनान्स ही इस्लामिक वित्तसंस्था २००१ मध्ये बुडाली त्यात हे एक मोठं कारण होतं. शरिया बोर्डाचा (बँकेने नेमलेले इस्लामी कायद्याचे जाणकार) शिक्का पैसा हलाल आहे एवढंच सांगतो, सेफ आहे असं नाही.