नेटवर्क प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो, प्रिंट रांगेत अडकते. काय करावं?

शेजारच्या कॉम्प्युटरवरून प्रिंट निघते, तुमच्याकडेच प्रिंटर ‘ऑफलाइन’ आणि रांगेतलं काम ‘डिलीटिंग’वर अडकलंय, असं तुम्ही लिहिलंय. मग ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) लगेच उडवू नका. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

आधी अडकलेलं काम काढा. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडा. तिथे एका कामाच्या सहसा दोन फायली दिसतील, एक एसएचडी आणि एक एसपीएल. फायली पुसा, फोल्डर राहू द्या, स्पूलर पुन्हा सुरू करा.

आता खरं दुखणं: आयपी पत्ता, म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा क्रमांक. राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला की तुमचा कॉम्प्युटर जुन्याच घराची कडी वाजवत बसतो. प्रिंटरच्या पॅनेलवरून नेटवर्कची माहिती छापून घ्या आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’शी (कॉम्प्युटर काम कुठल्या पत्त्यावर पाठवतो ते तिथे दिसतं) ताडून पाहा. आमच्याकडे कागदावर शेवटचा आकडा ३७ होता, पोर्टमध्ये २४. दोन दिवस आम्ही केबली बदलत होतो! पत्ते जुळले नाहीत किंवा पोर्ट डब्ल्यूएसडी (विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून बनवलेला) असेल, तर कागदावरचा पत्ता देऊन सरळ ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ जोडा, आणि राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा.

तरीही ऑफलाइनच? पोर्टच्या ‘कॉन्फिगर’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची (प्रिंटरला त्याची स्थिती विचारत राहणारी सोय) खूण काढून पाहा.

ड्रायव्हरवर संशय घ्यायचा तो छपाई होते पण अगम्य चिन्हांची पानंच्या पानं बाहेर पडतात तेव्हा.